आवाज उतरवताना

३ मार्च, मंगळवार

"हे चालू आहे का?"

चार शब्द. बस्स! अजून कानात आहेत.

माईक हातात आला की लोक त्यावर टकटक करतात. नाहीतर फुंकर मारतात — आणि इकडे माझ्या कानात सुई! तिनं तसलं काही केलं नाही. तिनं विचारलं. म्हणजे माईकलाच विचारलं, झोपलेल्याला हलकेच उठवावं तसं. मी आवाजाच्या मिक्सरच्या मागून अंगठा वर केला. तिनं मान हलवली, बोलायला लागली, आणि पुढची वीस मिनिटं मी या जगात नव्हतो.

मधल्या पट्टीतला आवाज. खाली थोडा खरखरीत, वर गेला की काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवावं तसा. 'श' आला की जरा रेंगाळते. श्वास कुठं घेते ते कळतच नाही. मी सगळी बटणं सोडून हात मांडीवर ठेवून बसलो. काही करावंच लागलं नाही!

काय बोलली? कोण जाणे. नवा रस्ता व्हायचाय ना, त्याचं काहीतरी. चौकात शंभरेक माणसं होती, टाळ्याही पडत होत्या.

येताना सायकलच्या चेनचा आवाजसुद्धा बेसूर वाटला. थांबून तेल घातलं.

५ मार्च, गुरुवार

कळलं, कोण ते! आमच्या दुकानापासून सहा दुकानं सोडून चष्म्याचं दुकान आहे, तिथं लोकांचे डोळे तपासते. सहा दुकानं! दीड वर्ष मी रोज तिथूनच जातोय. आंधळा कुठला.

कर्णाकाकांकडून काढून घेतलं. कर्णाकाका म्हणजे आमचे मालक. तरुणपणी सायकलला कर्णा बांधून गावभर दवंडी देत हिंडायचे, तेव्हापासून हेच नाव. आता दुकानात आठ माईक, दोन मिक्सर, स्पीकरची बारा खोकी आहेत, पण नाव काही बदललं नाही. डावा कान गेलाय त्यांचा. गिऱ्हाईक कटकट करायला लागलं की बरोबर तोच कान पुढं करतात.

"त्या पोरीची चौकशी कशाला?"

"सहज."

"सहज विचारणाऱ्याचे कान लाल होत नाहीत." मग माईकची जाळी पुसत म्हणाले, "हे बघ बाबा, जुन्यांची सभा असो, नव्यांची असो, नाहीतर त्या पोरीच्या रस्त्याची. आपण तार. तारेला मत नसतं."

किती खरं! मी तर हे वाक्य दुकानाच्या पाटीवर लिहीन. जुन्यांच्या पक्षात सगळे तरुण, नव्यांच्या पक्षात सगळे म्हातारे, आणि दोघांचा 'मित्रहो' सारखाच फुटतो. दीड वर्षात साठ-सत्तर सभा केल्या असतील मी. एकही वाक्य आठवत नाही. कुणाचा 'प' फुटतो, कुणाचा घसा चहाशिवाय बसतो, ते मात्र झोपेत विचारा.

राजकारणाचा मला वीट आलाय तो कॉलेजपासून. दुसऱ्या वर्षाला होतो. परीक्षा तीनदा पुढं गेली — एकदा यांचा बंद, एकदा त्यांचा बंद, तिसऱ्यांदा दोघांचा मिळून! दोन्हीकडची पोरं येऊन म्हणायची, आमच्यात ये, नाहीतर तू त्यांचा. माझं डोकं फिरलं. प्रवेशपत्राचे चार तुकडे केले, कारकुनाच्या टेबलावर ठेवले आणि दार आपटून निघून आलो. आई दोन दिवस बोलली नाही. पण त्या दिवसापासून मोकळा! मी कुणाचाच नाही. वाऱ्यावर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा.

८ मार्च, रविवार

डोळे तपासून आलो. डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

अंधाऱ्या खोलीत उंच खुर्ची. नाकावर लोखंडी चौकट. ती मागं उभी राहून एकेक काच बदलत विचारत होती, "आता बरं दिसतं, की आधी?" किती वेळा! "आता, की आधी?" मी म्हटलं, पुन्हा दाखवा. पुन्हा. "आता, की आधी?" या प्रश्नात आख्खं आयुष्य काढायला तयार आहे मी.

"शेवटची ओळ वाच."

मला स्पष्ट दिसत होती. म्हटलं, दिसत नाही.

"वरची?"

"नाही."

"त्याच्या वरची?"

"पुसट."

दिवा लावला तिनं. हाताची घडी घालून बघत राहिली. "मग परवा चौकात मिक्सरवरचे एवढे एवढे आकडे कसे वाचत होतास रे?"

म्हणजे तिनं मला पाहिलं होतं! पाहिलं होतं!! मी काय उत्तर दिलं आठवत नाही. बहुतेक खुर्चीवरून उतरताना चौकट तशीच नाकावर घेऊन दारापर्यंत गेलो. ती हसली. तिचं हसणं दोन टप्प्यांत येतं, आधी नाकातून, मग गळ्यातून.

"डोळे छान आहेत तुझे," म्हणाली. तपासणीच्या अर्थानं. पण म्हणाली तर खरं.

९ मार्च, सोमवार

कोणीतरी गल्लीतल्या दारांवर लाल रंगानं आकडे टाकून गेलंय. आमचा सतरा. नळाचं वगैरे असेल. लाल रंग उन्हात किती सुंदर दिसतो! सगळंच सुंदर दिसतंय.

१२ मार्च, गुरुवार

संध्याकाळी घरी आलो तर आई खिडकीशी मशीनवर. तिची जागा तीच. पूर्वेची खिडकी. तिथला उजेड गेला की टाका दिसत नाही म्हणते, आणि उजेड असेपर्यंत जागचं हलत नाही. चाकाचा आवाज इतका की मशीन चालू असताना तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं.

मशीन थांबवून म्हणाली, "एक मुलगी आली होती दुपारी. कागद घेऊन. सही मागत होती रस्त्याबद्दल. गोड बोलत होती बाई."

"केलीस?"

"तू नको म्हणतोस ना! मी म्हटलं, मुलगा सही करू देत नाही. शिकलेला आहे. आमचं घर कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"शाब्बास," म्हटलं. मागं मीच तिला बजावून ठेवलंय, कुणी कागद पुढं केला तर हात मागं. एका सहीनं माणूस कुणाचा तरी होतो.

मग ऐकलं की शेजारच्यांनीही केली नाही. आईनं नाही केली म्हणून. आमची गल्ली नऊ घरांची, आणि नऊ घरांत कॉलेजची पायरी चढलेला मी एकटाच, भले अर्ध्यावरून उतरलो असेन. समोरचे सुतारकाका दारातून ओरडले, "तुझा शब्द म्हणजे शब्द रे बाबा!" छाती फुगली. आख्खी गल्ली राजकारणापासून वाचवली मी!

कागद घेऊन येणारी कोण ते मी विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही. तिचं — माझ्या तिचं — 'आता, की आधी' ऐकत जेवलो.

१५ मार्च, रविवार

दुसरी सभा. शाळेच्या मैदानावर. कर्णाकाका नव्हते, मी एकटाच. आज ती खोकली मधेच, आणि मी बटण खाली घेतलं, खोकला संपताच वर. कुणाला कळलं नाही. तिला कळलं! माझ्याकडे बघितलं.

सभा संपल्यावर मी तार गुंडाळत होतो. कोपर आणि अंगठा, कोपर आणि अंगठा. ती दुसरं टोक धरून उभी राहिली.

"कशी झाली सभा?"

"एकदम स्वच्छ. माईकची एकदाही शिट्टी नाही."

"अरे, शिट्टीचं नाही विचारत. पटलं का तुला?"

"मी राजकारणात पडत नाही."

"मी कुठल्या पक्षात आहे?"

"सभा घेतेस ना."

"जुने म्हणतात रस्ता व्हावा, नवे म्हणतात रस्ता व्हावा. दोघांत भांडण काय, तर फीत कुणी कापायची. मी म्हणते, लोकांना विचारून करा, मोजणी नीट करा. हे राजकारण?"

"काका म्हणतात, आपण तार. तारेला मत नसतं."

तारेचं टोक तिच्या हातात, गुंडाळी माझ्या. मैदानावर कुणी नाही. आमच्या दोघांमध्ये वीस हात तार, आणि ती हळूहळू कमी होत होती. देवा!

"तार असलास तर बरंच आहे," ती म्हणाली. "तार सगळं पोचवते."

टोक माझ्या हातात देऊन गेली. बोटं लागली. मी त्या टोकाला आज चिकटपट्टी लावली नाही.

१९ मार्च, गुरुवार

गल्लीत फितीवाले आले होते. मोजमाप. एकानं आमच्या खिडकीखाली खुंटी मारली. आई म्हणाली, विचार ना त्यांना. मी म्हटलं, रस्ता पुढून जाणार आहे गं, सगळे म्हणतात. त्यांचं काम ते करतात, आपलं आपण.

खुंटीच्या डोक्याला लाल चिंधी बांधलीय. दिवसभर फडफडत होती. मला वाटलं कुणीतरी हात हलवतंय.

२० मार्च, शुक्रवार

मोठं काम आलंय! पालिकेच्या सभागृहात गुरुवारी सुनावणी. रस्त्याबद्दल ज्याला हरकत घ्यायची त्यानं येऊन माईकवर बोलायचं. कचेरीचा माणूस कर्णाकाकांना समजावून गेला. मी पण ऐकत होतो. प्रत्येकाला तीन मिनिटं. स्वतःसाठी बोला, नाहीतर शेजाऱ्यांच्या वतीनं बोला. नोंद टेपवरून होणार. टेपवर जे ऐकू येईल तेच कागदावर. ज्या गल्लीची हरकत कागदावर येईल तिथं मोजणी पुन्हा, बाकीकडे काम सुरू.

"वेळ संपली की साहेब बोट वर करतील," तो म्हणाला. "मग आवाज खाली."

कर्णाकाका म्हणाले, "त्याची काळजी नको. आमच्याकडे नियमच आहे, ज्याचं काम त्याचं बोट."

तो गेल्यावर त्यांनी मला पुन्हा एकदा शिकवलं. येतंय मला, तरी शिकवलं. "खटकन बंद करायचं नाही. त्यानं माणूस चिडतो, भांडण होतं. असं उतरवायचं, की बोलणाऱ्यालाही वाटावं आपलाच दम संपला. तूप पातळ होतं तसं." त्यांचं जाड बोट बटणावरून इतक्या हळू सरकलं की मला सरकताना दिसलंच नाही.

ती येणार. बोलणार. बंद सभागृहात, मैदानासारखा वारा नाही, हॉर्न नाही. फक्त ती आणि मी आणि मध्ये एक तार.

२२ मार्च, रविवार

स्वप्नात एक शहर होतं, त्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळे नुसते गुणगुणत होते. शब्दच नव्हते. त्यामुळे भांडणं नव्हती. ती एका लांब रस्त्याच्या टोकाला उभी राहून गुणगुणत होती, आणि मी चालत होतो, चालत होतो, आणि दोन्ही बाजूंची घरं एकेक करून पाण्यासारखी बाजूला होत होती, मला वाट देत.

उठल्यावर आईला सांगितलं. म्हणाली, "घरं बाजूला होतात होय! मग माणसं कुठं जातात?" आईला स्वप्नातलं काही कळत नाही.

२६ मार्च, गुरुवार

आज जे केलं ते मला परत जन्मात जमणार नाही.

सभागृह उंच. वर आठ पंखे, त्यांची घरघर मी आधीच खालच्या पट्टीतून काढून टाकली होती. लांब टेबलामागं साहेब, हातात पेन. सकाळपासून माणसं येत होती. एक म्हातारा तीन मिनिटं नुसता आपल्या आंब्याच्या झाडाबद्दल बोलला. एक बाई माईकला घाबरून रडली. मी सगळ्यांना सारखं वागवलं. माझ्या मिक्सरसमोर सगळे सारखे.

मग ती आली. "हे चालू आहे का?" आणि माझ्याकडे बघून हसली. कारण चालू आहे ते तिला माहीत होतं!

मी डोळे मिटले.

कसं सांगू? तिचा आवाज आधी सरळ आला, मग कुठं कुठं नावं घेत, आकडे घेत गेला, एक गल्ली, दुसरी गल्ली, मग हळू झाला. कुणाबद्दल तरी माया वाटत असेल तसा मऊ. इतका मऊ आवाज मी तिच्याकडून ऐकला नव्हता. मला वाटलं, कधीतरी ती माझ्याबद्दल या आवाजात बोलेल. डोळे उघडले. साहेबांचं बोट वर होतं.

आणि माझा हात निघाला. मी त्याला सांगितलं नाही, तो निघाला. इतका सावकाश, इतका हळुवार! संध्याकाळ उतरते ना, कुठल्या क्षणी उतरली ते सांगता येत नाही — तशी ती उतरली. खोक्यांतून गेली, भिंतींतून गेली, काटा शून्यावर आला. तिचे ओठ अजून हलत होते. काचेपलीकडल्या माशासारखे. कितीतरी सुंदर! साहेब म्हणाले, "धन्यवाद. पुढचे."

एकाही माणसाला कळलं नाही. कर्णाकाका असते तर पाठ थोपटली असती.

जाताना तिनं माझ्याकडे बघितलं. मी हसलो.

नोंदीची टेप कचेरीत दिली. तिच्या बोलण्याची एक प्रत माझ्यासाठी ठेवली. कुणाला सांगणार नाही.

२७ मार्च, शुक्रवार

पेन कागदातून आरपार जातंय. अक्षर बघ!

सकाळी दुकान उघडायच्या आत ती आली. कर्णाकाकांच्या देखत.

"काल आवाज कमी केलास?"

"तीन मिनिटांचा नियम होता."

"दोन मिनिटं वीस सेकंद झाले होते." मनगट पुढं केलं तिनं. घड्याळ. "साहेबांनी बोट वर केलं म्हणून तू खाली आणलास. घड्याळ बघितलंस का?"

"ज्याचं काम त्याचं—"

"शेवटचं वाक्य टेपवर गेलंच नाही. काल संध्याकाळीच कचेरीत विचारून आले. दोन गल्ल्यांची हरकत नोंदली. तिसरीची नाही."

कर्णाकाकांनी डावा कान पुढं केला.

मी म्हटलं, "हे बघ, मी कुणाच्याच बाजूनं नाही. मी राजकारणात—"

"मी काय बोलत होते?"

"काय?"

"शेवटी. कुणाबद्दल बोलत होते मी? तीन सभांना तू होतास. माझ्यापासून पंधरा हातांवर. तुझ्याइतक्या जवळून कुणीच ऐकलं नाही मला. सांग ना, काय बोलत होते?"

माझ्या डोक्यात काही नव्हतं. खरंच काही नव्हतं. नुसता तो मऊ आवाज. आणि माझ्या तोंडून गेलं, "तुझा 'श' फार सुंदर आहे."

ती हसेल असं वाटलं. ती बघत राहिली. पहिली ओळसुद्धा न वाचता येणाऱ्या माणसाकडे बघते, तशी. मग म्हणाली, "डोळे तुझे चांगलेच आहेत. ते मी तेव्हाच सांगितलं होतं."

गेली.

२९ मार्च, रविवार

तळपायाची आग मस्तकात! स्वतःला समजते कोण? माणूस जीव ओवाळून टाकतो, आणि ही घड्याळ दाखवते. चाळीस सेकंदांसाठी! म्हणे तिसरी गल्ली. तिसऱ्या गल्लीतल्यांना तोंडं नाहीत? त्यांनी यावं, बोलावं. ज्यांनी सही केली नाही, सभेला आले नाहीत, त्यांच्यासाठी ही का घसा कोरडा करते?

एक स्टँड लाथेनं पाडला. नट उडाला, सापडेना. कर्णाकाका गुडघ्यावर बसून माझ्याबरोबर शोधत होते. म्हणाले, "राग कुणावर आहे ते आधी ठरव. मग लाथ मार. निदान नेम तरी बसेल."

२ एप्रिल, गुरुवार

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. तिची प्रत लावली. आवाज ऐकायला लावली. खोटं कशाला लिहू? शब्दांसाठी नाही, आवाजासाठीच. पण तिच्या प्रश्नानं काहीतरी बिघडलं होतं. आवाज येईना. शब्द येत होते.

पहिली गल्ली, तिथली घरं, हरकत. दुसरी गल्ली, हरकत. मग तो मऊ भाग. जसाच्या तसा उतरवतो:

"यांच्या मागच्या गल्लीत नऊ घरं आहेत. तिथून एकही सही आली नाही. विरोध नाही म्हणून नव्हे. सतरा नंबरच्या मावशी पूर्वेच्या खिडकीशी बसून शिवणकाम करतात. त्या मला म्हणाल्या, मुलगा सही करू देत नाही, शिकलेला आहे. त्यांनी नाही केली म्हणून बाकी आठ घरांनी नाही केली. मला पाणी दिलं त्यांनी. माझ्या ओढणीचा उसवलेला काठ शिवून दिला. नकाशा बघा, साहेब. हा रस्ता बरोबर त्या खिडकीतून जातो. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. म्हणून त्यांच्या वतीनं, त्या नऊ घरांच्या वतीनं, मी ही..."

मग संध्याकाळ उतरते.

बटण शेवटपर्यंत वर नेलं. दुसऱ्या मिक्सरवर लावली. कानावर हेडफोन दाबून धरले. शून्य. कसला म्हणून कण नाही. इतकं स्वच्छ काम केलंय मी.

तिला माहीत नसणार, ते माझं घर. कुठून माहीत असेल? मी तिला कधी काही सांगितलंच नाही. मी ऐकत होतो ना!

६ एप्रिल, सोमवार

कचेरीत गेलो. सकाळी दहापासून बाकावर. खिडकीतल्या माणसाला सांगितलं, टेप अपुरी आहे, तिसऱ्या गल्लीची हरकत घेतली होती, मी मिक्सरवर होतो, माझ्या हातानं आवाज गेला, चाळीस सेकंद शिल्लक होते, लिहून घ्या.

"तुम्ही कोणाकडून? जुन्यांकडून की नव्यांकडून?"

"कुणाकडून नाही. मी कुठल्याच पक्षाचा नाही."

त्यानं माझ्याकडे अगदी प्रेमानं बघितलं. हो, प्रेमानंच. काकांसारखं. "मग कशाला या भानगडीत पडता? चांगल्या घरचे दिसता. आपलं काम करावं, घरी जावं."

मी खिडकीच्या काचेवर मूठ आपटली. काच जाड होती. पलीकडे त्याचे ओठ हलत होते.

परत येताना चष्म्याच्या दुकानासमोर थांबलो. आत ती कुणाला तरी विचारत होती. ऐकू येत नव्हतं. तरी कळत होतं. आता, की आधी.

दार ढकललं नाही.

९ एप्रिल, गुरुवार

नोटीस आली. आईनं मशीनवरूनच हात लांब केला. "वाच रे, तू शिकलेला." सुतारकाका, शेजारच्या दोघी, सगळे दारात उभे.

तारखा. मापं. घर नंबर सतरा. मी वाचत गेलो. शेवटची ओळ — 'या गल्लीतून कोणाचीही हरकत नोंदलेली नाही.'

आईनं चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"मोठ्यानं वाच ना," म्हणाली. "ऐकू नाही आलं."